कालव्यात बोट का सोडत नाहीत?

मानवतला आमच्या घराजवळच्या हॉटेलावर सकाळी आम्ही चार-सहा रिटायर माणसं बसतो. एडिंबराहून परत आल्यापासून माझ्या मोबाइलमधला एक व्हिडिओ तिथं इतक्या वेळा बघून झालाय, की चहा देणाऱ्या पोराला तो तोंडपाठ आहे. त्यात माझी अक्का आहे. डोक्याला लोकरीची टोपी, नऊवारीवर जाडजूड कोट, त्यावर फुगीर लाइफ जॅकेट, बसायला चाकाची खुर्ची आणि उजवा हात बोटीच्या सुकाणूवर. शेजारी पांढऱ्या दाढीचा एक गोरा माणूस उभा आहे, तो हसतोय. बोट कालव्यातून चालली आहे.

व्हिडिओ संपला की प्रश्न ठरलेला. "साहेब, मंग आपल्या कालव्यात का न्हाई सोडायले अशी बोट?"

मी साहेब कधीच नव्हतो. कालवा निरीक्षक होतो, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, तेही शेपटाकडं, 122 किलोमीटरच्या खाली. पण कालव्याचा माणूस म्हणून प्रश्न माझ्याकडेच येतो, आणि हॉटेलावर उत्तर कधी पुरं होत नाही, मध्येच कुणीतरी सोयाबीनचा भाव काढतं. म्हणून इथं लिहून टाकतो.

आधी अक्काचं सांगतो. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आमचं जुनं गाव गोदावरीच्या काठाला, गंगापूर तालुक्यात होतं. ते नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात गेलं. मला गावाचं तुटक तुटक आठवतं, तिला सगळं आठवतं: घाट, महादेवाचं देऊळ, पल्याडच्या आठवडी बाजाराला नेणारी भोयाची नाव. त्या नावेला पैसे पडत नसत. सुगी झाली की घरटी धान्य घालायचं, मग वर्षभर जा-ये करायची. लेकुरवाळी बाई असो की आजारी म्हातारा, भोई कुणाला काठावर ठेवायचा नाही. पुढं अक्काला अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. भाचा नोकरीनिमित्त एडिंबराला असतो. त्यानं तिला काही महिन्यांसाठी नेलं आणि एकटीनं विमानात कसं जायचं, म्हणून सोबतीला मला.

तिथं गेल्यावर सुरुवातीला अक्काचे दिवस खिडकीत गेले. बाहेर थंडी, भाषा येत नाही, खुर्ची जिन्यावरून खाली न्यायला दोन माणसं लागायची. भाच्याच्या वस्तीत म्हाताऱ्या माणसांचं एक मंडळ आहे. त्यांची बोटीची सहल ठरलेली होती, त्यात तीन जागा रिकाम्या होत्या. भाचा म्हणाला, "मामा, कालवा आहे. तुम्हाला आवडेल." मी मनात म्हटलं, उभा जन्म कालव्याच्या भरावावर मोटारसायकल हाणण्यात गेला, आता परदेशात येऊनही कालवाच बघायचा का?

रॅथो नावाचं गाव आहे, एडिंबरापासून जवळच. तिथं सीगल ट्रस्ट या धर्मादाय संस्थेच्या बोटी असतात. ही संस्था 1978 पासून स्कॉटलंडच्या कालव्यांवर एकच काम करते: ज्यांना एरवी बोटीत पाय ठेवता येत नाही अशा दिव्यांग, आजारी, थकलेल्या माणसांना फुकट फिरवून आणायचं. बोट चालवणारे स्वयंसेवक, खर्च देणग्यांतून. आमच्या दिवशीचे सुकाणूवाले आयुष्यभर बस चालवून रिटायर झालेले होते आणि दोर सांभाळणाऱ्या बाई शाळेत शिकवायच्या. बोटीला खुर्ची वर-खाली करणारी लिफ्ट होती. बाईंनी अक्काच्या खुर्चीला ब्रेक लावला, बटण दाबलं, आणि अक्का कुणाचा हात न धरता बोटीत उतरली. तिनं माझ्याकडं असं बघितलं की, बघ बापू, तुझ्या आधारानं नाही.

निघण्याआधी एक गृहस्थ वही घेऊन बोटभर फिरले. इंधन, पाणी उपसायचा पंप, आग विझवायचं नळकांडं, प्रथमोपचाराची पेटी, जॅकेटं. मग डोकी मोजली. प्रत्येक ओळीपुढं खूण, खाली सही, वेळ. तिकडच्या नियमानं प्रवासी जहाजाचा वेगळा परवाना नसेल, तर बारापेक्षा जास्त प्रवासी घेता येत नाहीत. बारा म्हणजे बारा. आपल्याकडं "सरका थोडं, लेकरू हाय" म्हणून तेरावा बसतोच. मी हयातभर गेज रजिस्टर लिहिलं, सकाळ-संध्याकाळ पाण्याची उंची, दारं किती उघडी, खाली किती सोडलं. त्यामुळं ती वही बघून मला फार बरं वाटलं. भाच्याला विचारायला लावलं, की मला हातात घेऊन बघता येईल का. दिली त्यांनी. मागची पानं चाळली, एकही दिवस कोरा नव्हता. (आमच्याकडच्या रजिस्टरांबद्दल मी इथं काही बोलणार नाही.)

आता कालव्याबद्दल, कारण हॉटेलावरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

त्याचं नाव युनियन कालवा. 1822 साली सुरू झाला, एडिंबराला कोळसा आणायला. एडिंबरा ते फाल्कर्क जवळजवळ 50 किलोमीटर, आणि ही सगळी लांबी एकाच पातळीवर, समुद्रसपाटीपासून साधारण 73 मीटर. टेकडी आली की वळसा, दरी आली की जलसेतू. म्हणजे अस्सल कंटूर कालवा, एकाच उंचीची रेषा धरून जाणारा. आमचा डावा कालवाही टेकड्यांच्या कडेकडेनं कंटूर धरूनच जातो, पण त्याला बारीकसा उतार दिलेला असतो, दर किलोमीटरला पाणी थोडं थोडं खाली येतं. तो उतार नसेल तर पैठणचं पाणी परभणीला पोचणारच नाही. त्यांच्याकडं उतारच नाही, त्यामुळं पाणी उभं असतं. त्यांचा कालवा पाणी वाहून न्यायला खोदलाच नव्हता, पाण्यावरून माल वाहून न्यायला खोदला. एवढा एक फरक ध्यानात आला की बाकी सगळं आपोआप कळतं.

बोट फार तर बैलगाडीच्या चालीनं जाते. काठावरून माणसं चालत होती, ती आमच्या पुढं निघून जायची. पूर्वी त्याच वाटेनं घोडे चालायचे आणि दोरीनं बोट ओढायचे. पुलांना नंबर आहेत, ते बघूनही मला घरच्यासारखं वाटलं. पुढं आल्मंड नदीवरचा जलसेतू आला. खाली खोल दरीत नदी, वर पाच कमानींवर दगडी कालवा आणि त्यात आमची बोट. जलसेतू आमच्या कालव्यावरही आहेत, पण त्यांवरून मी भरावाच्या कडेनं चाललोय, पाण्यातून गेलो नव्हतो. तिथंच नदीचं पाणी एका चारीनं कालव्यात येतं. वरती कॉबिनशॉ नावाचा तलाव खास या कालव्यासाठी बांधलेला आहे, त्याचं पाणी आल्मंडमधून खाली येतं आणि इथं कालव्यात वळवतात. मी ते तोंड निरखत बसलो, तर सुकाणूवाल्यांनी भाच्याला विचारलं, की याला नक्की काय हवंय. भाच्यानं माझी नोकरी सांगितली. मग काय, त्यांनी सुकाणू दुसऱ्याकडं दिलं आणि आम्ही दोघं हातवाऱ्यांवर बोलत बसलो. त्यांना जायकवाडीचे आकडे सांगितले: डावा कालवा 208 किलोमीटर, उजवा 132, डाव्याच्या तोंडाशी क्षमता 3600 क्युसेक, म्हणजे सेकंदाला लाखभर लिटर. भाच्यानं भाषांतर केलं. ते जरा वेळ गप्प राहिले आणि मग विचारलं, की त्यात बोटी कशा चालवता?

म्हणजे तिकडूनही प्रश्न तोच.

याच मधल्या वेळात अक्काच्या हातात सुकाणू गेलं होतं. मी पाहिलंच नाही. भाच्यानं व्हिडिओ काढला म्हणून बरं.

फाल्कर्कचं चाक मी नंतर पाहिलं. हॉटेलावर अक्काच्या खालोखाल मागणी त्या व्हिडिओला आहे. युनियन कालवा संपतो तिथून फोर्थ-क्लाइड कालवा बराच खालच्या पातळीवर आहे. पूर्वी बोट उतरवायला एकाखाली एक अकरा लॉक होते. लॉक म्हणजे दोन गेटांमधला हौद. बोट आत घ्यायची, वरचं गेट बंद करायचं, खालच्या झडपा उघडून पाणी सोडायचं, बोट पाण्याबरोबर खाली बसते. दर खेपेला एक हौदभर पाणी खाली जातं. ते अकरा लॉक 1933 मध्ये मोडले. 2002 साली तिथं अजस्र चाक उभं केलं, त्यात पाण्यानं भरलेल्या दोन टाक्या. बोट टाकीत शिरली की आपल्या वजनाइतकं पाणी बाहेर सारते, म्हणून एका टाकीत बोट असो नसो, दोन्ही बाजू समतोल. अर्ध्या फेऱ्याला वीज लागते दीड युनिट. इतक्या विजेवर आमच्याकडं पाच हॉर्सपॉवरची मोटार अर्धा तासही चालत नाही.

आणि एक योगायोग. रेल्वे आली, कालव्याची वाहतूक आटली, आणि 1965 साली युनियन कालवा अधिकृतपणे बंद झाला. त्याच वर्षी, 18 ऑक्टोबरला, पैठणला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते आमच्या धरणाची पायाभरणी झाली. तिकडं लोकांना नको झालेला कालवा कचऱ्यानं भरत होता. एडिंबराच्या एका वस्तीत तर दीड किलोमीटरहून जास्त लांबी बुजवून वर घरं आणि रस्ते केले. इकडं आम्ही घरं सोडत होतो. पुढं 1975 पासून लिनलिथगो गावातल्या लोकांनी मंडळ काढून, कालवा बंद असतानाच, त्यात बोटी चालवायला आणि छोटं संग्रहालय मांडायला सुरुवात केली. सीगल ट्रस्टही त्याच काळातला. कालवा पुन्हा पूर्ण उघडला तो थेट या शतकात. म्हणजे कालवा मेलेला असताना पंचवीसेक वर्षं ही माणसं त्याच्या तुकड्यांवर बोट हाकत होती. सरकारचा पैसा नंतर आला.

तर आता आपल्या कालव्यात बोट का नाही.

एक म्हणजे आपल्या कालव्यात पाणी बारमाही नसतं. आवर्तन सुटलं की येतं, पाळी संपली की जातं. शेपटाला आम्हाला पाळीच्या मध्यावरसुद्धा पाण्याची वाट बघावी लागायची. नियम टेलकडून (शेपटाकडून) हेडकडं (तोंडाकडं) भिजवत यायचा, प्रत्यक्षात काय होतं ते पाथरी-मानवतच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. आणि पाणी येतं तेव्हा ते पळत असतं. बाजूच्या काँक्रीटला शेवाळ. माणूस आत पडला तर पोहता येत असूनही बाहेर निघता येत नाही, हाताला धरायला काही सापडत नाही, आणि पाणी त्याला पुढच्या दारांकडं नेतं. सी.आर.ची, म्हणजे पाणी अडवून उंची राखायला कालव्यात आडवी बसवलेली दारं खालून उघडतात. पाणी दाराखालून खेचलं जातं आणि सोबत जे असेल तेही. मी माझ्या नोकरीत त्या दारांशी अडकलेली जनावरं काढली आहेत, आणि माणसंही. त्याबद्दल जास्त लिहिण्याची इच्छा नाही. पण दर उन्हाळी पाळीला भरावावरून उड्या मारणाऱ्या पोरांना हाकलताना मला शिव्या खाव्या लागल्या, आणि मी त्या आनंदानं खाल्ल्या.

शिवाय पाण्याचा हिशेब आहे. लॉक बांधून प्रत्येक बोटीमागं हौदभर पाणी खाली सोडायचं म्हटलं, तर हेडचे आणि टेलचे पहिल्यांदाच एक होऊन अंगावर येतील. 2016 मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी नेलं ते अजून कुणी विसरलेलं नाही. त्या उन्हाळ्यात जायकवाडी मृतसाठ्याच्याही खाली गेलं होतं. असल्या मुलखात कालव्यात सहलीची बोट, ही कल्पना मांडणाऱ्या पोराला मी हॉटेलावर सरळ सांगितलं, की बाबा, रील काढायला दुसरी जागा बघ.

पण इथं तो पोरगा जे म्हणाला, ते मला बोचलं. म्हणाला, "मंग तिकडल्या म्हाताऱ्यानीच बसायचं व्हय बोटीत? आपल्या काय नशिबात थर्माकोलच हाय?"

थर्माकोलची बातमी सगळ्यांनी वाचलेली असेल. 2023 साली गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुलं नाथसागराच्या फुगवट्यातून थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून, हातानं पाणी मारत शाळेला जात होती, पाण्यातल्या सापांसाठी काठी जवळ घेऊन. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. भिव धानोरा आमच्या जुन्या गावाच्या बाजूचं. धरणानं आमची शेतं घेतली, त्याचा मोबदला कमी-जास्त मिळाला, त्यावर अजून खटले चालू आहेत. पण नदीचा समुद्र झाला तेव्हा भोयाची नाव आणि ती चालवायची पद्धतही बुडाली, तिचा मोबदला कोणत्या रकान्यात लिहायचा? पाणी दसपट रुंद झालं आणि पल्याड न्यायची सोय शून्यावर आली. ज्याची त्याची चप्पू (छोटी होडी), ज्याचं त्याचं थर्माकोल, कुठं गुऱ्हाळाची काहिल.

म्हणून माझं म्हणणं असं, की रॅथोहून आणायची असेल तर बोट आणू नये, ती वही आणावी. वही, जॅकेटं, डोकी मोजायची सवय, आणि वारा सुटला की आज जायचं नाही असं सांगायचा अधिकार ज्याला आहे तो माणूस. हे कालव्यात नाही, फुगवट्यावर हवं. तिथंही मोठ्या इंजिनाची बोट नकोच. नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात उथळ पाण्यात पाखरं बसतात, आणि आमच्या लोकांना पल्याड शेतावर जायला घरघराट लागत नाही.

नुसतं लिहून उपयोग नाही म्हणून दिवाळीनंतर मी पाहुण्यांच्या गावी गेलो, फुगवट्याच्या काठाला. पाणी उतरू लागलं की मोकळी झालेली गाळपेर जमीन हंगामापुरती कसायला घेतात. तिथं जायला मध्ये पाण्याचा फाटा आडवा येतो. तिथला एक मच्छीमार पोरगा मजूर बायांना सकाळी पल्याड सोडतो, संध्याकाळी आणतो. बाया एकावर एक बसलेल्या, डोक्यावर भाकरीची गाठोडी, जॅकेट एकालाही नाही. भाच्यानं जॅकेटांचे पैसे पाठवले होते, ती मी घेऊन गेलो. वही मी स्वतः आखली, सहा रकान्यांची.

जॅकेटं बायांनी हसत हसत घातली, दोघींनी लुगड्यावर ते शोभत नाही म्हणून काढूनही ठेवली, मग एकीच्या नवऱ्यानं आवाज चढवल्यावर पुन्हा घातली. वहीवरून मात्र वाजलं. पोरगा म्हणाला, "मामा, हे लिहीत बसलो तर सकाळची पंधरा मिनटं जात्यात. ह्येंचा रोज बुडंल, मंग माझ्यावर खेकसतील." खोटं नव्हतं ते. रॅथोच्या माणसांना पेन्शन होती आणि अख्खा दिवस मोकळा होता. इथं नावेत बसलेल्या प्रत्येकीची घाई पोटाची आहे. मग सरपंचांच्या ओट्यावर बसून दोन गोष्टी ठरल्या. पोराला घरटी धान्य किंवा त्याचे पैसे, जुन्या रिवाजानं, म्हणजे जास्त खेपा मारायला म्हणून जास्त माणसं कोंबायची त्याला गरज पडू नये. दुसरं, वही पोरानं लिहायचीच नाही. टोळीची मुकादम बाई म्हणाली, "आमच्या बायांची डोकी मी तसंबी रोज मोजते, पगाराला. त्येच तुमच्या वहीत लिहिते की." सहा रकान्यांतले चार तिनं तिथंच खोडायला लावले. तारीख आणि डोकी, जाताना नि येताना, एवढंच ठेवलं. जॅकेटं मोजायचा रकाना मी हट्टानं परत घालून घेतला.

वाऱ्याचा निर्णय कुणी घ्यायचा यावर अजून एकमत नाही. पोरगा म्हणतो मी, मुकादम म्हणते मी, आणि शेतमालक म्हणतात वारा एवढा काय असतो. मी संक्रांतीनंतर पुन्हा जाणार आहे. अक्काला फोनवर सगळं सांगितलं, तर तिनं एकच विचारलं, की खुर्चीसकट बसता येईल एवढी रुंद आहे का रे ती चप्पू. माप घेऊन कळवतो म्हटलं.